मॅनिफोल्डची शिट्टी

सन १९९६. माझं वय तेव्हा चोपन्न, म्हणजे शाळेच्या दाखल्याप्रमाणे. आई म्हणायची, मास्तरनं दोन वर्षं खाल्ली. चौथीच्या पुढं मी शाळेत गेलोच नाही, त्यामुळं ती दोन वर्षं कुठं गेली हे कुणाला विचारायची वेळ आली नाही.

त्या साली सुरतेजवळ इच्छापोरच्या रस्त्याला माझं पत्र्याचं शेड होतं. पुढं हजीऱ्याकडं मोठमोठे कारखाने उभे राहत होते. रेती, कोळसा, लोखंडी पत्र्याची भेंडोळी घेऊन ट्रक दिवसभर जायचे-यायचे, आणि धूळ अशी की दुपारी समोरची चहाची टपरी दिसायची नाही. ट्रकवाल्यांना धुळीचा त्रास आणि माझं धुळीवर पोट. धूळ खाल्लेलं इंजिन शेवटी माझ्याच दारात यायचं. शेडवर पाटी नव्हती. ज्याला लोक ओळखत नाहीत त्यानं पाटी लावावी. मला सगळा रस्ता कानवाला मिस्त्री म्हणायचा.

कानवाला अशासाठी, की मी इंजिन उघडण्याआधी ऐकायचो. लांब पेचकस घ्यायचा, सुरतेत सगळे त्याला डिसमिस म्हणतात. त्याचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, अमुक नंबरचं बेरिंग गेलंय. उघडलं की तेच निघायचं. गुजराती ड्रायव्हर एकमेकांना सांगायचे, "मिस्त्रीना कानमां मशीन छे." मी तिकडं लक्ष नसल्यासारखं दाखवायचो आणि आतून फुगायचो. बाकीचे मिस्त्री हवा कुठून गळते ते बघायला उदबत्ती पेटवून धूर फिरवायचे. मी त्यांना विचारायचो, "आरती झाली का? प्रसाद कधी वाटताय?" अशी माझी जीभ होती.

मिस्त्री होण्याआधी मी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होतो. खानदेशातून सुरतेला आलेला माणूस पहिल्यांदा लूमच्या खात्यातच, म्हणजे कारखान्यातच जातो, मीही गेलो. खात्यात एका वेळी इतके लूम धडधडतात की शेजारी उभं राहून कोणी बोंब मारली तरी कळत नाही. म्हणून लूमवाला दुसऱ्याच्या ओठांवरून बोलणं समजतो. तोंड हलवायचं, आवाज काढायचाच नाही, समोरच्याला कळतं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा आम्ही रस्त्याच्या या बाजूला आणि त्या बाजूला उभं राहून अशाच गप्पा मारायचो. बायको म्हणायची, मुक्यांची जत्रा भरली. खातं सुटलं, पण बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघायची सवय राहिली. लोकांना वाटायचं, मिस्त्री काय मन लावून ऐकतो. मलाही तसंच वाटायचं.

मला मुलगी एकच. तिचं लग्न आदल्या वर्षी झालं. जावई कतारगामला हिरे घासायच्या कारखान्यात, आणि व्याही आमच्याच तालुक्याकडचे. त्यांचा एक जुना ट्रक होता, तो ते स्वतः चालवायचे. स्थळ बघायला गेलो तेव्हा ट्रक दारातच उभा होता. घरात पाऊल टाकायच्या आधी मी त्यांना बॉनेट उघडायला लावलं. बायको पदर तोंडाला लावून हळूच म्हणाली, "पोरगी इंजिनले देनी शे का पोऱ्याले?"

मी म्हटलं, "थांब जरा." आत इंजिन असं पुसलेलं की वर भाकरी ठेवून खावी. एवढ्या जुन्या गाडीला जो माणूस इतकं जपतो, त्याच्या घरात माझी पोर नांदेल, असा मी विचार केला. तो चुकीचा निघाला नाही.

पण मुलीचा बाप तो मुलीचा बाप. त्या घरी गेलो की मी दाराजवळच्या खुर्चीवर बसायचो आणि विचारलं तेवढं बोलायचो. विहीणबाईंची जीभ माझ्याहून लांब. "मानपानात एक टोपी कमी पडली होती हो," असं त्या वर्ष झालं तरी हसत हसत सांगायच्या. त्या घरात माझी मान एकाच ठिकाणी वर व्हायची, ट्रकच्या बॉनेटपाशी. व्याही शेजाऱ्यांना सांगायचे, "हे आमचे व्याही, इंजिनाचे डॉक्टर." तेवढ्यानं पोरीचा चेहरा उजळायचा. तिच्या सासरी माझी म्हणून जी काही किंमत होती ती त्या ट्रकवर होती, म्हणजे माझ्या कानावर होती. ट्रकचं काम मीच करायचो. त्याचे पैसे त्यांनी विचारायचे नाहीत आणि मी सांगायचे नाहीत, हे लग्नातच ठरल्यासारखं होतं.

होळी झाल्यावर व्याही ट्रक घेऊन शेडवर आले.

"व्याहीबुवा, गाडी शिट्टी मारते."

"कुणाला बघून?"

ते हसले. "आता या वयात कुणाला बघून मारणार? चढाला ओढत पण नाही पहिल्यासारखी."

मी इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि पेचकस लावला. खालचे ठोके स्वच्छ ऐकू आले. टॅपेट, बेरिंग, पंप, सगळं जागच्या जागी. शिट्टी मात्र आली नाही. त्या वेळी मला एवढंच वाटलं की रस्त्यावर गोंगाट फार आहे. दुसरं काही वाटून घेतलं नाही. शिट्टी म्हणजे काय हे मला ठाऊकच होतं, ती ऐकायची गरज नव्हती. मी डोळे उघडले आणि सांगितलं, "मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलंय."

ज्यानं इंजिन आतून बघितलं नाही त्याच्यासाठी सांगतो. इंजिनाला श्वास लागतो. हवा आधी जाळीतून, म्हणजे फिल्टरमधून गाळून येते आणि एका बिडाच्या नळकांड्यातून सगळ्या सिलिंडरना वाटली जाते. ते नळकांडं म्हणजे मॅनिफोल्ड. मॅनिफोल्ड आणि इंजिन यांच्या बैठकीत पातळ पॅकिंग बसवलेलं असतं. ते झिजलं, फाटलं, की इंजिन तिथून चोरून हवा ओढतं. फटीतून हवा जाताना बारीक शिट्टी वाजते. शिट्टीनं काही बिघडत नाही. बिघडतं ते हवेबरोबर न गाळलेली धूळ आत जाते त्यानं. आत पिस्टन वर-खाली होतो, धूळ त्याच्याबरोबर घासते, आणि काही महिन्यांत चांगलं इंजिन ऑइल प्यायला लागतं. हजीऱ्याच्या रस्त्यावर तर फार लवकर.

मी मॅनिफोल्ड उतरवलं. जुनं पॅकिंग जळून काळं झालं होतं, एका तोंडापाशी तुटलंही होतं. व्याह्यांना दाखवलं. ते म्हणाले, "कान म्हणजे कान."

पात्यानं बैठक खरवडून काढली. तयार पॅकिंग बाजारात मिळायचं, पण मी ते आणत नसे. पॅकिंगचा कागद बैठकीवर धरायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं ठोकत जायचं. बिडाच्या धारेवर कागद आपोआप कापला जातो, भोकंसुद्धा जागेवर पडतात. हे काम हलक्या हाताचं आहे आणि माझा हात हलका होता, आजही आहे. व्याही स्टुलावर बसून बघत होते. मीही जरा दाखवूनच ठोकत होतो.

एक काम राहिलं. सरळ लोखंडी पट्टी मॅनिफोल्डच्या बैठकीवर उभी धरून खालून उजेड येतो का ते बघायचं असतं. जुनं बीड उष्णतेनं वाकतं. वाकलेल्या बैठकीला कितीही चांगलं पॅकिंग लावा, ते मधे सुटणारच. पट्टी भिंतीला टांगलेली होती. मी ती कित्येक वर्षांत उतरवली नव्हती, कारण बसवून झाल्यावर कान सांगायचा.

बसवून झालं. मधल्या नटापासून बाहेर बाहेर कसत गेलो. व्याह्यांनी इंजिन चालू केलं. मी पेचकस लावला, डोळे मिटले, उघडले.

"बघा, आहे का शिट्टी?"

त्यांनी इंजिनाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बरं आहे आता."

"बरं काय? बंद झाली म्हणा."

"बंद झाली," ते म्हणाले. चहा सांगितला होता, त्याला न थांबता गेले. मला वाटलं, भाडं असेल.

त्यानंतर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आखाजीला लेकी माहेरी येतात, आणि आमच्या गल्लीत सगळी घरं खानदेशातली, त्यामुळं सुरत आहे की गाव आहे असं व्हायचं. लिंबाला झोका बांधला होता. बायकोनं खापर कुठून तरी मिळवून त्यावर मांडे घातले होते, आमरस काढून ठेवला होता. पोरीला सोडायला व्याही स्वतः ट्रक घेऊन आले. जावयाला कारखान्यातून सुट्टी नव्हती.

ट्रक गल्लीत शिरला तेव्हा मी ओट्यावर उभा होतो. पोरंसोरं ट्रकच्या मागं पळत होती, आणि सगळ्यांनी ओठांचा चंबू केला होता. मला वाटलं आनंदानं करतात. मी त्यांना हात हलवला.

पान वाढायला वेळ होता. हात शिवशिवतात माझे, मी बॉनेट उघडलं. मॅनिफोल्डच्या सांध्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल लुकण, म्हणजे फटी बुजवायचा चिकट लेप, फासलेलं होतं. मी लाल लुकण वापरत नाही. कोणी वापरलं तर मी त्याला मिस्त्री म्हणत नाही. नटांवर पाना फिरल्याच्या ताज्या खुणा होत्या.

शेजारचे दोघं-तिघं ओट्यावर बसले होते. टपरीवाला गुजराती काका पण जेवायला होता, दर आखाजीला यायचा. मी सगळ्यांच्या देखत विचारलं, "व्याहीबुवा, हे लाल काय लावलंय?"

"कुठं?" त्यांनी वाकून बघितल्यासारखं केलं. "हां, ते. रस्त्यात एकानं जरा बघितलं."

"कोणी एकानं?"

"आपण जेवून घेऊ. रस गरम होईल."

"रस होऊ द्या गरम. माझ्या कामावर दुसऱ्याचा हात का फिरला, तेवढं सांगा. चांगलं नव्हतं झालं?"

"तसं नाही हो. राग धरू नका."

"राग नाही. हजीऱ्याहून लोक गाडी ओढत आणतात माझ्याकडं. आणि माझ्या घरचा ट्रक दुसऱ्याच्या दारात?"

पोर दारात आली. "आबा, जाऊ द्या ना," असं तिच्या तोंडावरून दिसलं. मी मुद्दामच तिच्याकडून नजर काढली आणि ट्रकमधे चढून इंजिन चालू केलं. खाली उतरलो, बॉनेट पूर्ण वर केलं, आणि गल्लीला सांगितलं, "या. जवळ या. ज्याला शिट्टी ऐकू येते त्यानं हात वर करावा."

कोणी हात वर केला नाही. झोक्यावरच्या बायकांनी पाय टेकून झोका थांबवला. टपरीवाला काका स्वतःच्या चपलांकडं बघत राहिला. शेजारणीच्या कडेवर लहान मुलगी होती, तिनं ओठांचा चंबू केला आणि आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. हे मी पाहिलं. पाहिलं आणि पुढं गेलो.

"व्याहीबुवा?"

"नाही वाजत," ते म्हणाले. "बंद करा आता, डिझेल जळतंय."

मी इंजिन बंद केलं आणि हात धुतले. त्या दिवशी मी पोटभर जेवलो, मांडे मागून घेतले, आणि जेवताना उदबत्तीवाल्या मिस्त्र्यांच्या चार गोष्टी सांगितल्या. हसायला माझ्याबरोबर कोणी नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही. व्याह्यांनी अर्धी वाटी रस घेतला. निघताना ते माझ्या बायकोला वाकून नमस्कार करून गेले. मी मागून ओरडलो, "आता कानवाल्याकडंच आणत जा."

दुपारी गल्ली सामसूम झाली. मी खाटेवर पडून बोलत होतो. कोणी एक मिस्त्री, त्याचं लाल लुकण, काय काय. बायको पाटावर बसून उरलेला रस वाटीत काढत होती. पोर मोरीपाशी पाठमोरी भांडी घासत होती. मग ती उठली, पदराला हात पुसले आणि माझ्या समोर येऊन उभी राहिली.

"आबा, पाणी देऊ?"

"दे."

ती हलली नाही. "थोडा रस देऊ?"

"नको, पोट भरलंय. पाणी दे."

ती तशीच उभी. डोळ्यांत पाणी. मी उठून बसलो. "काय झालं? सासरी कोणी बोललं का?"

"आबा," ती म्हणाली, आणि बोट स्वतःच्या गळ्याला लावलं, "मी आत्ता आवाज काढलाच नव्हता. पाणी देऊ विचारलं तेव्हा नाही, रस देऊ विचारलं तेव्हा पण नाही. नुसते ओठ हलवले."

मी बायकोकडं बघितलं. ती वाटीत बघत होती.

"आणि भांडी घासताना मी तुम्हाला कितीदा हाका मारल्या," पोर म्हणाली. "तुम्ही बोलतच राहिलात."

मी म्हटलं, "तू हळू मारल्या असशील."

"शेजारच्या काकू बघायला आल्या, आबा, काय झालं म्हणून."

पुढचं तिनं खाटेपाशी जमिनीवर बसून सांगितलं, तोंड माझ्याकडं ठेवून, एकेक शब्द ओठांनी स्वच्छ करत. तशी ती लहानपणापासूनच बोलायची. मला वाटायचं, पोरीचं बोलणं किती स्पष्ट आहे.

शिट्टी माझ्या शेडमधून निघतानाच वाजत होती. व्याह्यांना तिथंच ऐकू आली होती. घरी येऊन त्यांनी विहीणबाईंना सांगितलं, बसेल हळूहळू. ती बसली नाही, वाढली. ट्रक गल्लीत आला की विहीणबाई आतून म्हणायच्या, "सूनबाई, तुझ्या बापाची शिट्टी आली, चहा ठेव." रोज. पोर चहा ठेवायची. शेवटी जावयानंच बापाला जबरदस्तीनं दुसऱ्या मिस्त्रीकडं पाठवलं. त्या मिस्त्रीनं उदबत्ती पेटवून धूर फिरवला, आणि धूर मॅनिफोल्डच्या मधल्या तोंडापाशी आत ओढला गेला. तो म्हणाला, बैठक वाकलीय, मॅनिफोल्ड उतरवून घासून सरळ करावं लागेल. व्याही म्हणाले, उतरवायचं नाही. माझ्या व्याह्यानं बसवलंय, त्याला न विचारता उतरवलं तर त्याचा अपमान होईल. वरून काय लावता येईल ते लावा. म्हणून ते लाल लुकण. ते दोन दिवस टिकलं.

"मग मला का नाही सांगितलं?"

"कोण सांगणार? मामंजी म्हणाले, सुनेच्या बापाला त्याचं काम चुकलं असं तोंडावर म्हणणारा मी कोण." मग म्हणाली, "गाडी ऑइल प्यायला लागलीय, आबा. पाठीमागं निळा धूर येतो आता."

निळा धूर मी बघितला होता. सकाळी ट्रक गल्लीत वळला तेव्हाच. मला वाटलं चुलीचा आहे.

बायको तेव्हा पहिल्यांदा बोलली, "ते घड्याळ बिघडेल नव्हतं."

गजराचं घड्याळ मी आदल्या पावसाळ्यात भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं. सकाळी वाजत नाही म्हणून. कुकरची शिट्टी पण आजकाल कंपन्या बारीक करतात, असं मी तिला सांगायचो. ती तेव्हा हो म्हणायची. आता मला एकेक आठवायला लागलं. घरात कोणी माझ्याशी पाठ करून बोलत नव्हतं. शेडवर टपरीवाला काका चहा आणायचा तो आधी खांद्याला हात लावायचा, मग बोलायचा. ती त्याची माया आहे असं मी समजत होतो. मला ठोके ऐकू यायचे, जाड आवाज यायचे, पेचकसातून हाडात धडधड यायची. बारीक तेवढं सगळं कधीच निघून गेलं होतं. लूमनं नेलं की इंजिनांनी, कोण जाणे. आणि ज्यांना ज्यांना ते माहीत होतं, त्या सगळ्यांनी मिळून मला कानवाला म्हणवून ठेवलं होतं.

संध्याकाळी मी ओट्यावर बसलो नाही. लोक झोक्यावर गाणी म्हणत होते, मी आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसलो. ऐकू न येणं ही काही लाजेची गोष्ट नाही, म्हातारपणी सगळ्यांचंच होतं, असं बायको दोनदा येऊन सांगून गेली. मला त्याची लाज नव्हतीच. माझ्या डोळ्यांपुढून ती गल्ली जात नव्हती. इंजिन शिट्टी मारतंय, सगळ्यांना ऐकू येतंय, आणि मी विचारतोय हात वर करा. एकही हात नाही. मी जिंकलो म्हणून जेवलो, आणि त्यांनी माझी लाज झाकली म्हणून ते जेवले. लेकराचं तोंड दाबलं गेलं माझ्यासाठी. आणि कतारगामला एक माणूस, ज्यानं ते इंजिन लेकरासारखं जपलं होतं, माझा मान राहावा म्हणून रोज त्याला धूळ चारत होता. गाडीत बसून त्याला ती शिट्टी ऐकावी लागत होती. मला निदान ऐकू तरी येत नव्हती.

एकदा मनात असंही आलं की पोरीनं उगाच परीक्षा घेतली, मोठ्या माणसाची अशी परीक्षा घेतात का. मी तसा आहे. पण तो राग फार वेळ टिकला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी शेड उघडलं, भिंतीवरची लोखंडी पट्टी उतरवली, ती पुसली, पान्यांची पिशवी घेतली आणि पहिल्या बसनं कतारगामला गेलो. पोरीला म्हटलं नाही कुठं चाललो.

विहीणबाई दारात सडा टाकत होत्या. मला बघून पदर घेतला. "अगंबाई, व्याही एवढ्या सकाळी? लेक सुखरूप आहे ना?"

"सुखरूप आहे. व्याहीबुवा कुठं आहेत?"

व्याही बाजूला बादलीपाशी तोंड धुत होते. पाठ माझ्याकडं. त्यांचे खांदे हलले, म्हणजे काहीतरी म्हणाले. काय म्हणाले, कळलं नाही. आदल्या दिवसापर्यंत मी अशा वेळी "हो हो" म्हणायचो, आणि ते बहुतेक वेळा चालून जायचं.

मी म्हटलं, "व्याहीबुवा, तोंड इकडं करून बोला. मला ऐकू येत नाही."

ते वळले. ओल्या तोंडानं तसेच उभे राहिले. विहीणबाईंच्या हातातलं पाणी सांडत होतं.

"बारीक आवाज येत नाहीत," मी म्हटलं. "शिट्टी मला होळीलाही ऐकू आली नव्हती आणि कालही नाही. गाडी चालू करा."

"अहो, आधी बसा तरी. चहा..."

"चहा नको. चालू करा."

त्यांनी चालू केलं. शेजारपाजारची माणसं बाहेर आली. मी बॉनेट वर केलं आणि कालच्यासारखंच विचारलं, पण या वेळी एकाच माणसाला. "विहीणबाई, वाजतंय का?"

त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते. मग त्यांनी कमरेला पदर खोचला. "वाजतंय. कधीचं वाजतंय. काल तुम्ही गल्लीला विचारलंत म्हणे, मला नाही बोलावलं ते."

"आता बोलावतोय. तुमचा कान चांगला आहे. कुठं वाजतंय ते दाखवा."

त्या जवळ आल्या. आयुष्यात कधी बॉनेटखाली वाकल्या नसतील. कपाळाला आठ्या घालून एकदा इकडं, एकदा तिकडं कान नेला, आणि मग सडा टाकलेल्या ओल्या बोटानं मॅनिफोल्डच्या मधल्या तोंडाकडं दाखवलं.

"इथं," त्या म्हणाल्या. हळू म्हणाल्या, पण तोंड माझ्याकडं करून.

मी व्याह्यांना इंजिन बंद करायला सांगितलं, पट्टी चाकावर ठेवली, पिशवीतून पाना काढला आणि माझ्या हातानं कसलेला मधला नट सैल करायला घेतला.